एका गेटमधले तीन रुग्ण : व्हिनाइल क्लोराइड आणि यकृताचा एक दुर्मीळ कर्करोग

यकृताचा अँजिओसार्कोमा बहुतेक डॉक्टरांनी फक्त पुस्तकात वाचलेला असतो. यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून निघणारा हा कर्करोग. 1970 च्या दशकात एकवीस कोटी वस्तीच्या अमेरिकेत त्याचे वर्षाकाठी 25-30 रुग्ण निघत. अशा वेळी, जानेवारी 1974 मध्ये, केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरात एका कारखान्याच्या डॉक्टरच्या लक्षात आलं, की आपल्याच गेटमधून आत-बाहेर करणाऱ्या तिघांना हा कर्करोग झालेला आहे.

कारखाना बी. एफ. गुडरिच कंपनीचा. ओहायो नदीकाठच्या रासायनिक वसाहतीत, जिला स्थानिक लोक रबरटाउन म्हणतात. माल पीव्हीसी. आपल्याकडे विहिरीपासून शेतापर्यंत जाणारा पाइप, घरातल्या वायरींवरचं वेष्टण, बाथरूमचं दार, सगळं याच पदार्थाचं. हा पीव्हीसी तयार होतो व्हिनाइल क्लोराइड नावाच्या वायूपासून. साध्या दाबाला तो उणे तेरा-चौदा अंश सेल्सिअसलाच उकळतो. म्हणून दाबाखाली द्रव करून ठेवतात. रंग नाही, वास किंचित गोडसर. वासाची खोड अशी, की तो नाकाला जाणवेपर्यंत हवेतलं प्रमाण हजारो पीपीएमवर गेलेलं असतं (पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत एक भाग). थोडक्यात, नाकावर भरवसा ठेवणारा कामगार आधीच बुडालेला असतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून कोणीतरी घरातले पाइप उपटायला निघेल. हे प्रकरण तयार पीव्हीसीचं नाही. वायूच्या रेणूंच्या साखळ्या जुळून प्लास्टिक बनलं की वायूचा बहुतांश धोका तिथेच संपतो. धोका होता तो बनण्याआधीच्या वायूशी रोज गाठ पडणाऱ्यांना, आणि त्यातही एका विशिष्ट कामाला.

ते काम म्हणजे रिअॅक्टरची सफाई. मोठ्या बंद टाकीत पाणी, द्रवरूप व्हिनाइल क्लोराइड आणि प्रक्रिया सुरू करणारं रसायन घालून ढवळत ठेवतात. काही तासांत पांढरी भुकटी तयार होते. पण सगळा माल भुकटी होत नाही. दुधाच्या पातेल्याला खरवड धरावी तसा टाकीच्या आतल्या भिंतींना आणि ढवळण्याच्या पात्यांना प्लास्टिकचा थर बसतो. तो काढला नाही तर पुढची खेप बिघडते. म्हणून माणूस मॅनहोलमधून आत उतरायचा आणि छिन्नी-हातोडी, खरवडणी घेऊन थर फोडायचा. थराच्या पोटात अडकलेला वायू प्रत्येक घावाला त्याच्या तोंडासमोर सुटायचा. आतून वर येणारे कामगार झोकांड्या खात, प्यायल्यासारखे वागत. व्हिनाइल क्लोराइडला एकेकाळी भूल देण्याचं औषध म्हणूनही तपासलं गेलं होतं, तेव्हा त्यात नवल नव्हतं. सुरुवातीच्या काळात या कामगारांच्या अंगावर पडणारं प्रमाण हजार पीपीएमच्या आसपास असावं, असे नंतरचे अंदाज आहेत. कायद्याने चालणारी मर्यादा 500 होती.

पहिली खूण यकृतात दिसलीच नाही. ती बोटांत दिसली. 1960 च्या दशकात याच कारखान्यात सफाई करणारे कामगार बोटं दुखतात, थंडीत पांढरी पडतात, टोकं आखूड आणि फुगीर झालीत, अशा तक्रारी घेऊन कारखान्याचे डॉक्टर जॉन क्रीच यांच्याकडे येऊ लागले. एक्स-रेत बोटाच्या शेवटच्या पेराचं हाड विरघळल्यासारखं दिसत होतं. याला अॅक्रोऑस्टिओलायसिस म्हणतात. 1967 मध्ये क्रीच आणि सहकाऱ्यांनी अशा 31 रुग्णांची नोंद अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात छापली. म्हणजे हा वायू माणसाच्या शरीरात खोलवर काहीतरी करतो, हे तेव्हाच छापून आलं होतं. पण चर्चा हाडांपुरती राहिली आणि इलाज निघाला तो हातमोज्यांचा.

खरं तर यकृताचीही कुणकुण होती. 1949 मध्येच सोव्हिएत संघातल्या एका अहवालात पीव्हीसी कामगारांत हेपॅटायटिससारखा आजार दिसल्याचं लिहिलेलं आहे. 1961 मध्ये डाऊ केमिकलच्या शास्त्रज्ञांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांत यकृतातले बदल पाहिले आणि मर्यादा 500 वरून 50 पीपीएमवर आणावी असं सुचवलं. सुचवणी कागदावर राहिली.

मग इटली. तिथल्या सोल्व्हे कंपनीचे वैद्यकीय अधिकारी पिएर लुइजी व्हिओला बोटांच्या आजाराचं कोडं सोडवायला उंदरांना व्हिनाइल क्लोराइड हुंगवत होते, तेही 30,000 पीपीएम इतक्या प्रचंड प्रमाणात. बोटांचं राहिलं बाजूला, उंदरांना कर्करोग झाले. 1970 मध्ये ह्यूस्टनच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग परिषदेत त्यांनी ते मांडलं. एवढं प्रमाण कोणाच्या नशिबी येतं, असं म्हणून ते झटकणं सोपं होतं. म्हणून युरोपातल्या कंपन्यांनी बोलोन्याच्या चेझारे माल्तोनी यांच्याकडे मोठा अभ्यास सोपवला. बोलोन्याजवळच्या बेंतिव्होलियोमधल्या एका जुन्या गढीत प्रयोगशाळा उभी राहिली. हजारो पीपीएमपासून खाली येत येत माल्तोनींनी उंदरांचे गट केले, आणि 250 पीपीएमवरही उंदरांच्या यकृतात अँजिओसार्कोमा सापडला. कायदेशीर मर्यादेच्या निम्म्यावर.

इथे या प्रकरणाचं सगळ्यात कडू पान येतं. ऑक्टोबर 1972 मध्ये अमेरिकी आणि युरोपीय उत्पादकांनी ही माहिती आपसात ठेवण्याचा करार केला. जानेवारी 1973 मध्ये अमेरिकी उद्योगाचे प्रतिनिधी बेंतिव्होलियोला जाऊन निकाल पाहून आले. जुलै 1973 मध्ये ते कामगार आरोग्याच्या सरकारी संस्थेला, म्हणजे नायोशला, भेटले, आणि माल्तोनींचे निष्कर्ष तिथे मांडले नाहीत. हे नंतर कंपन्यांच्याच कागदपत्रांतून बाहेर आलं. कंपन्यांच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की पहिलं वचन त्यांनी युरोपातल्या भागीदारांना दिलेलं होतं. मला ते पटत नाही. ज्या काळात हा करार पाळला जात होता, त्याच काळात लुईव्हिलच्या टाक्यांत माणसं उतरत होती.

परत लुईव्हिलला येऊ. क्रीच हे शहरात शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते आणि कारखान्याचंही काम पाहत. डिसेंबर 1973 मध्ये पीव्हीसी विभागातला आणखी एक कामगार यकृताच्या आजाराने गेला आणि तपासणीत अँजिओसार्कोमा निघाला. क्रीच यांना आधीचे दोघे आठवले. त्यांनी कंपनीचे आरोग्य अधिकारी मॉरिस जॉन्सन यांना गाठलं, जुने कागद काढले, पेशींच्या स्लाइड पुन्हा पाहिल्या गेल्या. तिघेही एकाच प्रक्रियेवरचे. 22 जानेवारी 1974 रोजी कंपनीने नायोशला कळवलं, आणि दोन-तीन आठवड्यांत चौथा रुग्ण निघाला.

या चौघांची नोंद वाचली की निदान कसं घसरू शकलं असतं ते कळतं. चौघांनीही आजार दिसण्याआधी किमान 14 वर्षं तिथे काम केलेलं. दीर्घकाळ दारूचा इतिहास कोणाचाच नाही. कारखान्याबाहेर यकृताला घातक अशा कशाशी संबंध नाही. अँजिओसार्कोमाची तेव्हा माहीत असलेली कारणं दोनच ठळक होती. एक थोरोट्रास्ट, म्हणजे एकेकाळी एक्स-रेसाठी शिरेतून देत असलेलं किरणोत्सारी थोरियम. आणि दुसरं आर्सेनिक, जे जर्मनीतल्या द्राक्षमळ्यांत फवारलं जायचं आणि जुन्या टॉनिकांतही असायचं. ही दोन्ही बाजूला पडली की उरतो तो कारखाना. पण हा प्रश्न विचारायला आधी पेशींचं नेमकं निदान हवं. या रोगात रुग्ण पोटातल्या रक्तस्रावाने, जलोदराने, फुगलेल्या प्लीहेने येतो. अन्ननलिकेच्या शिरा फुटून रक्ताची उलटी होते. कोणत्याही सर्वसाधारण रुग्णालयात त्याच्या कागदावर ‘सिरोसिस’ लिहिलं गेलं असतं आणि मनातल्या मनात ‘पीत असेल’. तीन वेगळ्या रुग्णालयांत, तीन वेगळ्या डॉक्टरांकडे गेले असते तर ते तीन सिरोसिस होते. ते एकाच डॉक्टरच्या डोक्यात एकत्र आले म्हणून रोग सापडला. यात पद्धत कमी आणि योगायोग जास्त आहे, आणि ते मला कौतुकापेक्षा काळजीचं वाटतं.

आता यकृताच्या आत काय घडतं ते पाहू. यकृत विष मोडतं, असं आपण म्हणतो. इथे मोडतानाच विष तयार होतं. श्वासातून आलेला व्हिनाइल क्लोराइड स्वतः फारसा आक्रमक नसतो. यकृतपेशींतलं सीवायपी2ई1 नावाचं विकर त्यावर ऑक्सिजन चढवतं आणि क्लोरोइथिलीन ऑक्साइड बनतं, त्याचंच पुढे क्लोरोअॅसिटाल्डिहाइड होतं. ही दोन्ही डीएनएला चिकटतात आणि अक्षरं चुकीची वाचली जातील असे डाग सोडतात. ग्लुटाथिओन नावाचा रेणू त्यांना बांधून लघवीवाटे बाहेर काढतो, पण त्याचा साठा मर्यादित. यकृतपेशी शेजारच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला हा माल पोचवतात आणि त्या अस्तराच्या पेशी दुरुस्तीत कच्च्या. म्हणून कर्करोग तिथून निघतो. रुग्णांच्या गाठींत केरास आणि पी53 या जनुकांत ठराविक जागी ठराविक बदल सापडले, ते या रसायनाच्या सहीसारखे आहेत. सीवायपी2ई1 हेच विकर नियमित दारू पिणाऱ्यात वाढलेलं असतं. दारू आणि कारखाना ही दोन वेगळी खाती नाहीत, हे त्यामुळेच.

आणि यातला कळीचा मुद्दा, जो आजही दवाखान्यांत विसरला जातो: रक्ताची एलएफटी, म्हणजे यकृताची नेहमीची रक्ततपासणी. तिच्यातली एसजीओटी, एसजीपीटी ही विकरं रक्तात वाढतात ती यकृतपेशी फुटतात तेव्हा. कार्बन टेट्राक्लोराइड यकृतपेशी सरळ मारतो, तिथे एसजीपीटी भडकतो. कृत्रिम चामडं आणि कापडावरचे लेप बनवताना वापरतात त्या डायमिथाइल फॉर्ममाइडनेही वाढतो. तो कातडीतूनही शोषला जातो आणि त्याचे कामगार संध्याकाळी थोडी घेतली तरी चेहरा लालबुंद झाल्याचं सांगतात. व्हिनाइल क्लोराइड तसा नाही. तो रक्तवाहिन्यांभोवती हळूहळू तंतू वाढवतो, प्लीहा फुगवतो, आतड्यांकडून यकृताकडे रक्त आणणाऱ्या पोर्टल शिरेतला दाब वाढवतो, आणि या सगळ्या काळात एसजीपीटी बिनधास्त नॉर्मल राहू शकतो. लुईव्हिलच्या कामगारांची सरसकट तपासणी सुरू झाली तेव्हा हीच अडचण आली. वार्षिक मेडिकलमध्ये ‘एलएफटी नॉर्मल’ असा शिक्का बसला की कामगार आणि व्यवस्थापन दोघंही सुटकेचा श्वास घेतात. या रसायनापुरता तो शिक्का कवडीमोलाचा आहे.

बातमी फुटल्यावर गोष्टी वेगाने हलल्या. काही महिन्यांत इतर कारखान्यांतून आणि युरोपातूनही रुग्ण सापडू लागले; जुन्या फायलींतले ‘सिरोसिस’ पुन्हा उघडले गेले. एप्रिल 1974 मध्ये अमेरिकेत कामगार सुरक्षेचे नियम करणाऱ्या सरकारी संस्थेने, म्हणजे ओशाने, आणीबाणीची मर्यादा 50 पीपीएम ठरवली आणि ऑक्टोबरात कायमची : आठ तासांच्या सरासरीला 1 पीपीएम, पंधरा मिनिटांपुरती 5. उद्योगाने नेहमीचा सूर लावला. एका सल्लागार संस्थेच्या अहवालाने सुमारे 20 लाख नोकऱ्या आणि 65 ते 90 अब्ज डॉलरचं नुकसान होईल असं भाकीत केलं. प्रकरण न्यायालयात गेलं. जानेवारी 1975 मध्ये अपील न्यायालयाच्या पीठाने ओशाच्या बाजूने निकाल दिला. तो लिहिला सर्वोच्च न्यायालयातून निवृत्त झालेले न्यायमूर्ती टॉम क्लार्क यांनी. संशोधन अपुरं असलं तरी कामगाराला वाचवण्यासाठी पाऊल उचलणं हे कामगार मंत्र्याचं कर्तव्यच आहे, असा त्याचा आशय.

मग काय झालं? कारखाने बंद पडले नाहीत. टाकीत माणूस उतरवण्याऐवजी जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने धुलाई सुरू झाली. भिंतींना थर बसूच नये असा लेप निघाला. भुकटीत अडकलेला वायू वाफेने काढून परत वापरायची पद्धत आली. तिने वाया जाणारा कच्चा माल वाचला, आणि गुडरिचने ते तंत्र इतर कंपन्यांना विकलंही. साधारण दीड-दोन वर्षांत उद्योग 1 पीपीएमला सरावला. हे तपशील मला अशासाठी महत्त्वाचे वाटतात की ‘परवडणार नाही’ हे वाक्य आपल्याकडच्या एमआयडीसींतही तितक्याच आत्मविश्वासाने ऐकू येतं.

नुकसान मात्र थांबायला वेळ लागला, कारण पहिल्या संपर्कापासून गाठ दिसेपर्यंत सरासरी वीसहून अधिक वर्षं जातात. 1950 च्या दशकात टाक्या खरवडणारे 1970 आणि 80 च्या दशकात आजारी पडत राहिले. लुईव्हिलच्या त्या एका कारखान्यातल्या रुग्णांची संख्या वीसच्या वर गेली. 1990 चं दशक संपताना जगभरच्या नोंदवहीत ती 200 च्या आसपास होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने पुढे यकृतपेशींच्या नेहमीच्या कर्करोगाचं कारण म्हणूनही व्हिनाइल क्लोराइडवर शिक्कामोर्तब केलं. तो कर्करोग अँजिओसार्कोमासारखा उठून दिसत नाही, हेपॅटायटिस बी आणि दारूच्या गर्दीत हरवतो. त्यामुळे खरा आकडा या नोंदवहीत नाही.

घरापर्यंत हे रसायन आलं होतं का? आलं होतं. 1974 पर्यंत अमेरिकेत काही हेअर स्प्रे आणि कीटकनाशकांच्या फवाऱ्याच्या डब्यांत फवारा ढकलणारा वायू म्हणून व्हिनाइल क्लोराइडच भरलेला असायचा. बंद खोलीत दिवसभर केस फवारणाऱ्या ब्युटी पार्लरवाल्या बायकांना तो श्वासातून मिळत होता. त्या वर्षी सरकारने तो वापर बंद केला. कारखान्यातल्या तीन मृत्यूंमुळे केसांच्या डब्यातला वायू बदलला, हा या कथेतला कमी सांगितला जाणारा भाग.

लुईव्हिलच्या विद्यापीठाने तिथल्या कामगारांचे यकृताचे नमुने आणि गोठवलेलं रक्त जपून ठेवलं होतं. 2010 मध्ये मॅथ्यू केव्ह आणि सहकाऱ्यांनी, गाठ न झालेल्या पण भरपूर वायू अंगावर घेतलेल्या 25 कामगारांचे नमुने पुन्हा तपासले. 20 जणांच्या यकृतात चरबीसह दाह होता, त्यांतल्या निम्म्याहून अधिकांत तंतूही वाढलेले. ही माणसं स्थूल नव्हती, दारुडी नव्हती, आणि एसजीपीटी बहुतेकांचा नॉर्मल. या आजाराला त्यांनी रसायनजन्य स्टिएटोहेपॅटायटिस असं नाव दिलं. आज सोनोग्राफीच्या प्रत्येक दुसऱ्या रिपोर्टवर ‘फॅटी लिव्हर’ लिहून येतं आणि डॉक्टर ‘वजन कमी करा, तेलकट बंद’ म्हणून मोकळे होतात. बहुतेकदा ते बरोबरच असतं. पण सडपातळ, न पिणारा, साखर नसलेला माणूस फॅटी लिव्हर घेऊन आला तर तो कुठे काम करतो, हा प्रश्न तिथे विचारला जायला हवा, आणि तो विचारला जात नाही.

फेब्रुवारी 2023 मध्ये ओहायोच्या ईस्ट पॅलेस्टाइन गावात मालगाडी घसरली आणि व्हिनाइल क्लोराइडच्या पाच टँकरांतला माल मुद्दाम सोडून जाळण्यात आला. जाळण्याची गरज नव्हती, असं अपघात तपासणाऱ्या मंडळाने पुढच्या वर्षी म्हटलं. एकदाच झालेला संपर्क आणि वीस वर्षं टाकीत उतरणं यांत मोठं अंतर आहे; लुईव्हिलचा धडा जसाच्या तसा तिथे चिकटवू नये.

आपल्याकडे नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, 1948 च्या अनुसूचीत व्हिनाइल क्लोराइडची मर्यादा 5 पीपीएम छापलेली होती. त्याच कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत ‘विषारी पदार्थांमुळे होणारी कावीळ’ आणि ‘व्यवसायजन्य कर्करोग’ हे दोन्ही कळवायचेच आजार म्हणून होते, आणि असा रुग्ण पाहणाऱ्या कोणत्याही डॉक्टरवर, मग तो कारखान्याचा असो वा गल्लीतला, मुख्य कारखाने निरीक्षकाला कळवण्याची जबाबदारी कलम 89 टाकत होतं. अडचण आधीच येते. केसपेपरवर ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘नोकरी’ किंवा ‘कंपनीत’ एवढंच लिहिलेलं असतं. टाकीत उतरायचं काम कंत्राटी माणसाकडे असतं. तो सहा महिने तळोज्याला, मग लोट्याला, मग दहेजला. त्याच्या बाबतीत क्रीच यांच्यासारखा एकच डॉक्टर वर्षानुवर्षं असणं अशक्य. तेव्हा विचारायचं ते हे : कंपनीचं नाव नको, तिथे काय बनतं ते सांगा, टाकीच्या आत उतरता का, उतरण्याआधी हवा मोजतात का, आत चक्कर येते का, बोटं थंडीत पांढरी पडतात का, आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वी, या कामाच्या आधी, कुठे होतात.